पालकसभा, फोन की तिघांची बैठक? वर्गशिक्षकाने सुरुवात कशाने करावी

नववीचा नवा वर्ग हाती आला की पहिल्या पंधरवड्यात घराशी ओळख करून घ्यायचे तीन मार्ग असतात: सगळ्या पालकांची एकत्र सभा, घरोघरी एकेक फोन, किंवा विद्यार्थ्यालाही सोबत बसवून तिघांची बैठक. तिन्ही नीट करायला वेळ पुरत नाही. निवडावं लागतं.

सभा सगळ्यांत स्वस्त. तासाभरात वेळापत्रक, परीक्षेचं स्वरूप, हजेरीचा आणि मोबाइलचा नियम सगळ्यांना एकदाच सांगून होतो. पण ज्यांच्याशी बोलायची खरी गरज असते, ते पालक नेमके येत नाहीत. आलेले पालक सभा संपल्यावर टेबलाभोवती जमतात आणि चारचौघांसमोर आपल्या मुलाचं विचारतात, तिथे मोकळं उत्तर देता येत नाही. आणि ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय, तो तर तिथे नसतोच.

फोनचा हिशोब आधी करा. 45 मुलं, प्रत्येकी 8 मिनिटं, म्हणजे 6 तास. रोज अर्धा तास काढला तर बारा दिवसांत होतं. ‘शाळेतून बोलतेय’ म्हटलं की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं: “काय केलं त्यानं?” शाळेचा फोन म्हणजे तक्रार, हे वर्षानुवर्षं मनात बसलेलं असतं. म्हणून हा फोन पहिली तक्रार उगवायच्या आत झाला पाहिजे. मी एवढंच विचारते, “त्याच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं?” एक आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “फळ्यावरचं नीट दिसत नाही त्याला, पण चष्मा लावायला लाजतो.” दुसऱ्या दिवशी काहीही न बोलता मी त्याचा बाक पुढे घेतला. भरल्या सभेत त्या माऊलीनं हे सांगितलं नसतं.

याला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि शॉन डॉहर्टी यांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहावी आणि नववीच्या मुलांच्या घरी शिक्षकांनी फोन केले, लेखी निरोपही पाठवले. गृहपाठ पूर्ण होण्याची शक्यता सरासरी 40 टक्क्यांनी वाढली. तिथे संपर्क रोजचा होता, त्यामुळे एका फोनवर एवढी आशा ठेवू नये.

फोनमध्ये एक धोका आहे. ‘माझ्या माघारी बोलल्या’ असं या वयाच्या मुलाला वाटलं, की वर्षभर तो मनातलं सांगत नाही. म्हणून वर्गातच सांगावं, “आज तुझ्या घरी फोन करणार आहे. काय सांगू?”

तिघांच्या बैठकीत ही अडचण येतच नाही. पहिलं बोलणं विद्यार्थ्याचं. एका मुलीनं चारदा घडी घातलेला कागद माझ्यापुढे सरकवला. वर लिहिलं होतं, ‘मला अचानक उभं करून प्रश्न विचारू नका.’ शेजारी बसलेल्या वडिलांनी ते पहिल्यांदाच वाचलं. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी 2009 साली ‘मिडल स्कूल’च्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या मुलांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. पालकांनी गृहपाठात मदत करण्यापेक्षा अपेक्षांबद्दल आणि पुढच्या वाटेबद्दल मुलाशी बोलण्याचा अभ्यासातल्या यशाशी जास्त घट्ट संबंध दिसला. ते बोलणं सुरू व्हायला ही बैठक फार चांगली जागा आहे. पण 20 मिनिटांप्रमाणे 45 मुलांचे 15 तास होतात. शिवाय घरात ताण असेल तर बैठकीतलं वाक्य घरी गेल्यावर मुलाच्याच अंगावर येतं. अशा मुलाशी आधी एकट्याशी बोलावं आणि घरातल्या कोणाला बोलवायचं, हे त्यालाच विचारावं.

माझं मत असं: वर्गात पंचवीसपर्यंत मुलं असतील, तर थेट तिघांची बैठक घ्या. चाळीसच्या वर असतील तर आधी सगळ्यांना फोन, मग आठ-दहा जणांची बैठक. त्यात चांगलं चाललेली मुलंही घ्या, नाहीतर ती शिक्षाच वाटेल. सभा चौथ्या आठवड्यात, फक्त माहितीपुरती. व्हॉट्सॲपचा ग्रुप सूचनांसाठी ठेवा. कोणाचे गुण किंवा वागणूक तिथे कधीच नको.

फोनची यादी हजेरीपटाच्या क्रमानं लावू नका. वर्गातून घरी आल्यावर ज्यांचे चेहरे आठवत नाहीत, त्यांची नावं आधी लिहा.