पातळ पट्ट्यांचा पल्स-कॉम्प्रेसर: चांगला आहे, पण त्याचा माउंट…

लेसरचा पल्स आखूड करणाऱ्या आमच्या संचातली तिसरी काचेची पट्टी परवा पुन्हा जळाली. पुरवठादाराचं ठरलेलं उत्तर आलं: पट्ट्या हा खपणारा माल, वॉरंटीत बसत नाही. कबूल. माझं भांडण पट्टीशी नाहीच, ती ज्यात बसते त्या माउंटशी आहे.

काम हा संच चोख करतो. आमचा लेसर यटर्बियमचा, १०३० नॅनोमीटर, पल्स २०० फेम्टोसेकंदांचा (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग). तो ३० वर आणायचा तर वर्णपट, म्हणजे प्रकाशातल्या तरंगलांबींचा आवाका, ८ नॅनोमीटरवरून ५० च्या पुढे रुंदावायला हवा, मग चर्प्ड आरसे, म्हणजे वेगवेगळ्या रंगांना कमीजास्त उशीर लावून पल्स आखूड करणारे आरसे, पुढचं बघतात. पट्ट्यांतून ही रुंदी सुरुवातीलाच मिळाली. फ्यूज्ड सिलिकाचा जाड ठोकळा ठेवला असता, तर एवढ्या शक्तीला किरण आतच आकसून काच गेली असती. पातळ पट्टीतून तो आकसण्याआधी बाहेर पडतो, हवेत पसरतो आणि पुढच्या पट्टीला भिडतो. तैवानच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलेली युक्ती ती हीच.

आता माउंट. पट्टी ब्रूस्टर कोनात, म्हणजे जिथे आमच्या लेसरचं परावर्तन जवळजवळ होत नाही त्या ५५ अंशांवर, आणि धरायला एक स्क्रू! जरा आवळला की पट्टीत ताण येतो, किरणाचा ठिपका लांबुळका होतो. सैल ठेवला की पट्टी डुलते. डाग पडल्यावर पट्टी दोन मिलिमीटर सरकवून कोरी जागा वापरावी म्हटलं, तर सगळं खोला आणि कोन पुन्हा लावा. खाली साधी सरकपट्टी असती तर एकेका पट्टीने कितीतरी दिवस काढले असते. एका ठिपक्यासाठी अख्खी काच टाकून द्यायला माझा हात धजत नाही.

मधे मत बरंच उतरलं होतं. किरणाच्या मध्याचा वर्णपट रुंद, कडेचा अरुंद. छिद्र लावून कडा कापली की ऊर्जा जाते. दुसरी पद्धत मल्टिपास सेलची, दोन आरशांमध्ये किरण अनेकदा फिरवायची; त्यात दर फेरीला फेज, म्हणजे तरंगाचा सरकलेला टप्पा, थोडाच जमतो, त्यामुळे रुंदावणं सगळीकडे सारखं होतं. किरण अगदी नितळ हवा असेल तर आजही तो सेलच घ्या म्हणेन. आम्ही ऊर्जा उतरवून एक पट्टी वाढवली. फरक कमी झाला, डागही उशिरा पडू लागले. पंप-प्रोबला (एका पल्सने नमुना उत्तेजित करून दुसऱ्याने तपासायच्या प्रयोगाला) एवढं पुरतं, शिवाय पोकळ काचतंतूत गॅस भरून वर्णपट रुंदावायच्या पद्धतीसारखी गॅसची उठाठेव नाही.

माउंट वर्कशॉपमधून नवे करून घेतलेत, सरकते, स्क्रूच्या जागी मऊ स्प्रिंग. घेणार असाल तर पट्ट्या जास्तीच्या मागवा आणि माउंटचे पैसे बिलातून वजा करायला लावा.