जिनसेंग, दांगशेन की ह्वांगची? विकत घेण्याआधी

अंगात त्राण नाही, जिना चढला की धाप लागते, चार घास खाल्ले की पोट जड, जरा चाललं की घाम. अशा तक्रारी एकत्र दिसल्या की चिनी वैद्य ‘ची’ (शरीराला चालवणारी जीवनशक्ती) कमी पडली असं म्हणतो. ती भरून काढणाऱ्या औषधांचा एक वेगळा गटच आहे आणि त्यातल्या चार मुळ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतात: रेनशेन म्हणजे आशियाई जिनसेंग, शीयांगशेन म्हणजे अमेरिकी जिनसेंग, दांगशेन आणि ह्वांगची. चौघींची चव कमीजास्त गोडसर, चौघी सुपात पडतात आणि दुकानदारही बिनदिक्कत एकीच्या जागी दुसरी सुचवतो. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. आठवड्यातून दोन-तीनदा घरच्या सुपात घालायला काही हवं असेल, तर दांगशेन घ्या. बाकीच्या तिघींना ठरावीक कारण लागतं. ते कारण नसेल तर पैसे तर जातातच, शिवाय त्रासही होऊ शकतो.

| मुळी | प्रकृती | कुठल्या अवयवांवर काम (चिनी मतानुसार) | काढ्यासाठी दिवसाची मात्रा |
|---|---|---|---|
| रेनशेन | किंचित उष्ण (लाल असेल तर उष्ण) | प्लीहा, फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड | 3–9 ग्रॅम |
| शीयांगशेन | थंड | हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड | 3–6 ग्रॅम |
| दांगशेन | समशीतोष्ण | प्लीहा, फुप्फुस | 9–30 ग्रॅम |
| ह्वांगची | किंचित उष्ण | फुप्फुस, प्लीहा | 9–30 ग्रॅम |

मात्रा चीनच्या अधिकृत औषधकोशातल्या आहेत. उष्ण-थंड ही भाषा आपल्याला नवी नाही, पण ‘प्लीहा’ म्हणजे इथे पचनाची सगळी यंत्रणा, हे लक्षात ठेवा. वात-पित्त-कफाच्या चौकटीत या मुळ्या बसवायला जाऊ नका, हिशेब जुळत नाही.

रेनशेन: ताकद जास्त, म्हणून जपून

पॅनॅक्स जिनसेंग ही वनस्पती मूळची ईशान्य चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्व भागातली. आज लागवडीचा मोठा माल चीनच्या जीलिन प्रांतातून, चांगबाई पर्वताच्या परिसरातून येतो. कोरियाचा माल वेगळा विकला जातो. मुळी चार ते सहा वर्षांची झाली की काढतात. धुऊन नुसती वाळवली तर पांढरं जिनसेंग, वाफवून वाळवली तर लाल. हा फरक फक्त रंगाचा नाही. वाफेच्या उष्णतेने मुळीतल्या जिनसेनोसाइड या द्रव्यांची रचना बदलते आणि आरजी3सारखी काही द्रव्यं लाल मुळीत वाढतात. म्हणून लाल जिनसेंग जास्त उष्ण मानतात. हातपाय गार पडणाऱ्या, वयस्क, आजारातून उठलेल्या माणसाला ते देतात. तोंड येणं, डोकं चढणं, झोप उडणं, नाकातून रक्त येणं असं ज्याला सहज होतं, त्याला लाल जिनसेंग हमखास उष्ण पडतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ताप-सर्दीत ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून जिनसेंग सुरू करणं. चिनी वैद्य याला चोर घरात असताना दार लावून घेणं म्हणतात. सर्दी पूर्ण जाऊ द्या, जीभेवरचा जाड थर जाऊ द्या, मग बघा. दुसरी चूक म्हणजे धडधाकट तरुणाने परीक्षेसाठी महिनोन्‌महिने घेत राहणं. स्मरणशक्ती वाढते म्हणून ते विकलं जातं खरं, पण 2010च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) निरोगी माणसांच्या बाबतीत त्याला पटण्याजोगा पुरावा सापडला नाही.

कोरियन लाल जिनसेंगच्या डब्यावर 10, 15, 20, 30 असे आकडे असतात. ती वर्षं नव्हेत. 600 ग्रॅममध्ये साधारण किती मुळ्या बसतात, तो हा आकडा. लहान आकडा म्हणजे मोठी मुळी आणि चढा भाव. त्याशिवाय ‘स्वर्ग’, ‘पृथ्वी’ आणि ‘उत्तम’ अशा प्रती असतात. त्या मुळीचा आकार आणि आतली पोकळी व पांढरा गाभा बघून ठरवतात. काढाच करायचा असेल, तर वरच्या प्रतीसाठी दुप्पट-तिप्पट मोजण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. ती प्रत भेट द्यायला.

शीयांगशेन: उष्णता नको असलेल्यांसाठी

पॅनॅक्स क्विन्क्वेफोलियस ही रेनशेनची सख्खी बहीण, पण उत्तर अमेरिकेतली. 1716मध्ये लाफितो या जेझुइट धर्मगुरूला ती माँट्रियलजवळ सापडली आणि लगेच चीनकडे व्यापार सुरू झाला. 1784मध्ये न्यूयॉर्कहून चीनमधल्या कँटनला (आजचं ग्वांगझू) निघालेल्या पहिल्या अमेरिकी व्यापारी जहाजात मुख्य माल हाच होता. आज लागवड प्रामुख्याने विस्कॉन्सिन आणि ओंटारिओत होते, चीनमध्येही होते. जंगली मुळीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यामुळे ‘जंगली’ म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर तिथून निघा.

काम वेगळं आहे. ही ची भरते, पण थंड असल्याने कोरडेपणाही शमवते. कोरडा खोकला, घसा सुकणं, रात्री जागून डोळे जळणं, तापानंतरचा तहानलेला थकवा, अशा वेळी वैद्य हिच्याकडे वळतात. सिंगापूर-मलेशियाच्या दमट उकाड्यात ती इतकी चालते त्याचं हेच कारण. उलट ज्याचं पोट गार, शौचाला पातळ होतं, पाळीत थंडीने कळा येतात, त्याला ही बाधते.

कर्करोगाच्या थकव्यावर अमेरिकेत झालेली, 2013मध्ये प्रसिद्ध झालेली 364 रुग्णांची चाचणी बोलकी आहे. रोज 2000 मिलिग्रॅम विस्कॉन्सिनच्या मुळीची पूड दिली. चार आठवड्यांनी लक्षणीय फरक नव्हता, आठ आठवड्यांनी दिसला. म्हणजे दोन दिवसांत तरतरी येईल ही अपेक्षा ठेवू नका.

दोन्ही जिनसेंगचे वाळके काप डोळ्यांनी ओळखणं अवघड, आणि भेसळ नेमकी इथेच होते. प्रयोगशाळेत प्रश्न सोपा: आशियाई मुळीत आरएफ हे जिनसेनोसाइड असतं, अमेरिकीत नसतं; अमेरिकीत स्यूडोजिनसेनोसाइड एफ11 असतं, आशियाईत नसतं. दुकानात मात्र एक काप चावून बघा. अमेरिकी आधी कडू लागते आणि गोडवा मागून, बराच वेळ जिभेवर राहतो. नुसतीच साखरेसारखी गोड लागली तर ती साखरेच्या पाकात मुरवलेली असण्याचा संभव आहे.

दांगशेन: रोजच्यासाठी

कोडोनॉप्सिस पिलोस्युला जिनसेंगच्या कुळातली नाहीच, घंटेसारख्या फुलांच्या कुळातली आहे. हिच्यात जिनसेनोसाइड नसतात. शान्शी आणि कान्सू प्रांतांत हिची मोठी लागवड होते. पचन मंद, भूक नाही, आवाज खोल गेलेला, चेहरा फिका अशा सौम्य तक्रारींत चिनी वैद्य जुन्या नुस्ख्यातलं रेनशेन काढून सर्रास दांगशेन घालतात, मात्रा दुप्पट ते तिप्पट करून. उदाहरणार्थ ‘चार सज्जनांचा काढा’: दांगशेन 12 ग्रॅम, बायजू (एक औषधी मुळी) 9, फूलिंग (पाइनच्या मुळांवर वाढणारी औषधी बुरशी) 9 आणि मधात परतलेलं ज्येष्ठमध 6 ग्रॅम. (ज्येष्ठमध आपल्या ओळखीचं, पण रोज घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. रक्तदाबाच्या रुग्णाने हा काढा मनाने सुरू करू नये.) रक्तस्रावाने किंवा धक्क्याने माणूस गळून पडला असताना जुने वैद्य नुसतं रेनशेन मोठ्या मात्रेत देत. ते काम दांगशेनने होत नाही, आणि आज अशा माणसाला थेट रुग्णालयात न्यायचं.

निवडताना मुळीचा माथा बघा. खोडाच्या जुन्या खुणांच्या गाठी दाटीने असतात, चिनी लोक त्याला सिंहाचं डोकं म्हणतात. मुळी वाकवली तर लवचीक हवी, कडकडीत मोडणारी नको. पांढरीफेक, चकचकीत आणि नाकाला आंबट झोंबणारी मुळी गंधकाची धुरी दिलेली असते. दांगशेनमध्ये गंधक डायऑक्साइडची चिनी मर्यादा किलोला 400 मिलिग्रॅम आहे. बहुतेक वनौषधींना ती 150 आहे. या मुळीला सवलत जास्त, म्हणून वास घेऊनच घ्या.

ह्वांगची: घाम आणि वारंवार सर्दी

अ‍ॅस्ट्रागॅलस या वनस्पतीची ही लांबट मुळी तिरकस कापांत मिळते. बाहेरचा भाग पांढरट, आतला गाभा पिवळा, चावल्यावर कच्च्या शेंगेसारखा वास. हिचं वैशिष्ट्य म्हणजे चिनी मतानुसार ती ची वर आणि बाहेर नेते. सारखा घाम येणारा, वाऱ्याची झुळूक लागली की शिंकणारा माणूस हा हिचा नमुनेदार रुग्ण. बायजू आणि फांगफंग या मुळ्यांबरोबर ती त्यासाठीच देतात. पातळ काप साधे मिळतात, तसे मधात परतलेलेही (100 किलोला 25 किलो मध). घामासाठी साधे घ्या, पचन आणि थकव्यासाठी मधातले.

बिघडतं ते मात्रेत. 19व्या शतकातले चिनी वैद्य वांग छिंगरेन यांच्या अर्धांगावरच्या काढ्यात ह्वांगची 120 ग्रॅम पडते. तो आकडा वाचून घरी मूठभर टाकणारे नंतर पोट फुगलं, छाती भरल्यासारखी झाली म्हणून सांगतात. 10–15 ग्रॅमपासून सुरुवात करा, सोबत 3 ग्रॅम वाळलेली संत्र्याची जुनी साल टाका. ताप असताना ही बंद.

लेबलवर एक घोळ होतो. अमेरिकी जिनसेंगला ‘ह्वाची शेन’ही म्हणतात आणि रोमन लिपीत ते ह्वांगचीच्या फार जवळ जातं. दुकानात ह्वांगचीला ‘बेईची’ म्हणून मागा.

काढा

दांगशेन आणि ह्वांगची: गार पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी कापांच्या दोन बोटं वर हवं. उकळी आली की आच मंद करून 30–40 मिनिटं. गाळा, पुन्हा पाणी घालून 20–25 मिनिटं, दोन्ही काढे एकत्र करून दोनदा घ्या. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम नको.

जिनसेंग यांच्यात टाकू नका. महाग मुळीचा अर्क बाकीच्या चोथ्यात मुरून वाया जातो. पातळ काप झाकणाच्या वाटीत पाण्यासह ठेवून ती वाटी उकळत्या पाण्यात बसवा, मंद आचेवर तास-दीड तास. तो अर्क शेवटी काढ्यात मिसळा आणि काप चावून खा. पूड घेतली तर एका वेळी 2 ग्रॅम, दिवसातून दोनदा. रेनशेनबरोबर ली-लू (एक विषारी मुळी) आणि वू-लिंग-झ (उडत्या खारीची विष्ठा) ही औषधं चिनी परंपरेत वर्ज्य आहेत, मुळाही टाळतात.

दमट हवेत, म्हणजे सिंगापुरात काय आणि कोकणातल्या पावसात काय, दांगशेनला कीड आणि बुरशी लवकर लागते. हवाबंद डबा, फ्रिज, आणि महिन्यात संपेल तेवढीच खरेदी.

नावावर जाऊ नका

अश्वगंधेच्या डब्यांवर ‘इंडियन जिनसेंग’ लिहिलेलं असतं. ती वांग्याच्या कुळातली, गुण स्वतंत्र, जिनसेनोसाइड शून्य. ‘सायबेरियन जिनसेंग’ही पॅनॅक्स नव्हे, अमेरिकेत 2002च्या कायद्याने पॅनॅक्सशिवाय इतर वनस्पतींना जिनसेंग म्हणून विकायला बंदी आहे. खरी धोकादायक भेसळ शांग-लूच्या मुळीची. काप कापल्यावर एकात एक वर्तुळं दिसली तर फेकून द्या. ती विषारी आहे, उलट्या-जुलाब होतात.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी घेऊ नये

वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असलेल्यांनी. निरोगी माणसांवरच्या, 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमेरिकी जिनसेंगने त्याचा परिणाम कमी केला, म्हणजे गुठळीचा धोका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर जिनसेंगने आणखी उतरू शकते. फेनेल्झिनसारख्या नैराश्याच्या औषधाबरोबर झोप उडणं, थरथर अशा नोंदी आहेत. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी ह्वांगची टाळावी. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना चारही नकोत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर जिनसेंग किमान 7 दिवस आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञाला आपणहून सांगा. सूपदेखील सांगा, कारण ते विचारतात ‘औषधं कुठली’ आणि सूप कोणी औषधात मोजत नाही.