समांतर रनटाइमचा माग: आतून नोंद की बाहेरून नमुने?

मुक्त स्रोत कंपायलरच्या ओपनएमपी रनटाइममध्ये (प्रोग्रॅमचे काम अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटून देणाऱ्या लायब्ररीत) कामगिरीचा माग ठेवायचा, तर एक म्हणजे रनटाइमनेच प्रत्येक घटना कळवावी, किंवा लिनक्सवरील पर्फसारख्या मोजमापाच्या साधनाने बाहेरून ठरावीक अंतराने नमुने घ्यावेत. दादरला प्रत्येक लोकलची ये-जा वहीत टिपणे आणि अधूनमधून फलाटावर नजर टाकणे, यांत जो फरक आहे तोच येथेही आहे.

नमुने घेण्यासाठी रनटाइमला हात लावावा लागत नाही आणि वारंवारता कमी करून भार आटोक्यात ठेवता येतो. मात्र बॅरियरवर, म्हणजे सर्व थ्रेडनी एकमेकांसाठी थांबायच्या जागी, खोळंबलेला थ्रेड रनटाइमच्याच एखाद्या फंक्शनमध्ये घुटमळताना दिसतो. तो कोणत्या समांतर विभागामुळे (अनेक थ्रेड मिळून चालवतात त्या कोडच्या भागामुळे) थांबला हे उमगत नाही, कारण कामगार थ्रेडचा स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी) तो विभाग सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनपर्यंत पोहोचतच नाही. आमच्या पवईच्या गटाचे कित्येक तास या कोड्यातच गेले.

आतून नोंदीला ओपनएमपी ५.० ने २०१८ मध्ये ओएमपीटी या साधनांसाठीच्या इंटरफेसचे प्रमाणित रूप दिले आणि एलएलव्हीएम या मुक्त स्रोत कंपायलर प्रकल्पाच्या रनटाइमने ते स्वीकारले आहे. आरंभी रनटाइम साधनाचा शोध घेतो, मिळाल्यास त्याचे कॉलबॅक (घटना घडताच बोलावायची फंक्शने) नोंदवून घेतो, आणि पुढे समांतर विभाग, टास्क (कामाचे सुटे तुकडे) व बॅरियर यांच्या आरंभ-अखेरीची वर्दी देतो. साधन नसेल तेव्हा खर्च जवळजवळ तपासणीपुरताच उरतो.

तरीही लाखो बारीक टास्क असतील, तर नोंदच मोजमाप बिघडवते. म्हणून माझ्या मते आधी समांतर विभाग आणि बॅरियर यांचेच कॉलबॅक घालावेत; टास्कचे मागून, तेही ऐच्छिक.