ऑल सोल्स त्रयी : पावसाळा ते सुपारीचा हंगाम, सगळी ऐकून झाल्यावर

निकाल आधी सांगते. डेबोरा हार्कनेस यांच्या ऑल सोल्स या कादंबरी-त्रयीतला मधला भाग, ‘शॅडो ऑफ नाइट’, माझ्या फोनमधून आता हलणार नाही. पहिला, ‘अ डिस्कव्हरी ऑफ विचेस’, एकदा नीट ऐकावा. तिसरा, ‘द बुक ऑफ लाइफ’, गाठी कशा सुटतात एवढं कळावं म्हणून ऐकावा. २०११, २०१२ आणि २०१४ सालची ही पुस्तकं, त्यामुळे नव्याची नवलाई संपून बराच काळ लोटलाय. पण मी ती घाईने संपवली नाहीत. पावसाळ्यात सुरू केली, सुपारी वाळत घालायचे दिवस आले तेव्हा तिसरा भाग संपला, आणि त्यानंतर दुसरा भाग पुन्हा लावला. पहिल्या फेरीत जे डोक्यावर घेतलं होतं त्यातलं बरंच दुसऱ्या फेरीत खाली उतरलं, म्हणून हे लिहायला उशीर झाला ते बरंच झालं.

छापील घ्यायची की नाही? आमच्या अलिबागजवळच्या चौल-रेवदंड्याकडे तरी घेऊ नका. प्रत्येक भाग साडेपाचशे पानांच्या पुढचा. जुलैच्या दमट हवेत इतक्या जाड पेपरबॅकची पाठ सुटते, पानांना बुरशीचा वास धरतो. त्यात माझी प्रत एका विक्रेत्याने साध्या पातळ पिशवीतून पाठवली. ती भिजूनच घरी आली आणि बदलून मागितल्यावर ‘पावतीचा फोटो पाठवा, पिशवीचा पाठवा, पुस्तकाचा पाठवा’ असं चालू राहिलं. शेवटी नाद सोडला आणि ऑडिओ घेतला. जेनिफर इकेडा यांचं वाचन आहे, एकेक भाग चोवीस तासांच्या आगेमागे. वाडीतली कामं हाताची असतात, कान मोकळे असतात, त्यामुळे हे सोयीचं पडलं. पुरुष पात्रांचा आवाज सुरुवातीला ओढून काढल्यासारखा वाटतो, पण दोन-तीन प्रकरणांत सवय होते. वेग मात्र वाढवू नका. नावं खूप आहेत. एक सुटलं की पुढचे तीन प्रसंग कोण कुणाचा काका हे शोधण्यात जातात.

गोष्ट थोडक्यात. डायना बिशप ही किमयेच्या इतिहासाची अभ्यासक, जन्माने चेटकीण, पण त्या वारशाकडे पाठ फिरवलेली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात ती ‘अ‍ॅशमोल ७८२’ नावाचं हस्तलिखित मागवते आणि त्यातून दबलेलं काहीतरी जागं होतं. मग चेटकिणी, व्हॅम्पायर आणि डेमन (माणसांसारखेच दिसणारे, पण अफाट कल्पक आणि लहरी जीव) या तिन्ही जमाती तिच्या मागे लागतात. त्यातलाच एक मॅथ्यू क्लेअरमाँट, दीड हजार वर्षांचा व्हॅम्पायर आणि सध्या जनुकशास्त्रज्ञ. या जमातींनी आपसात लग्न करू नये असा जुना करार असतो, म्हणजे पुढे काय होणार ते आलंच ध्यानात. ते हस्तलिखित खरोखरच्या यादीत आहे. एलियास अ‍ॅशमोल याचा संग्रह १८६० मध्ये बोडलियनकडे आला आणि त्यात ७८२ या क्रमांकापुढे ‘गहाळ’ अशी नोंद आहे. लेखिका स्वतः विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापक, एलिझाबेथकालीन लंडन हा त्यांचा अभ्यासाचा विषय. कादंबरी लिहिताना त्यांनी ही एक रिकामी जागा हेरली आणि सगळी कथा तिथे रोवली. मला हे फार आवडलं.

पहिल्या भागाबद्दल एवढंच की तो सावकाश चालतो. चहा, वाइन, योगाचा वर्ग, पुन्हा चहा. पण डायनाच्या मावशीचं अमेरिकेतलं घर येतं तिथे मी कान टवकारले. त्या घरात पूर्वजांची भुतं राहतात आणि घर स्वतःच्या मर्जीने वागतं. पाहुणे यायचे असले की खोल्या वाढवतं, वर्षानुवर्षं लपवलेली वस्तू योग्य वेळी भिंतीतून बाहेर टाकतं. आत्याला हे सांगितलं. ती खराट्यासाठी झापांचे हीर काढत बसली होती. सुरी न थांबवता म्हणाली, “मग त्यात काय एवढं? आपल्या माजघरात नाही का कोण ते? फक्त आपलं घर काही देत नाही, घेतंच.” कोकणातल्या वाचकाला हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. इथे जागेवाल्याला नारळ ठेवल्याशिवाय कुणी पाया खणत नाही आणि मुंजाच्या पिंपळाखालून जाताना शहाणीसुरती माणसंही आवाज खाली करतात. अमेरिकन वाचकाला जे विलक्षण वाटत असेल ते आपल्याला शेजारचं वाटतं.

तीच गोष्ट चेटकिणींच्या शक्तींची. त्यांच्यातल्या काहींना वारा बोलावता येतो, काहींना अग्नी, काहींना पाणी. हे ऐकताना चौलच्या रामेश्वराची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. देवळात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत. पाऊस फारच ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडायचं ही जुनी रीत. तिथे शक्ती बाईच्या अंगात, इथे दगडाखाली बंद, आणि उघडायचं तर सगळ्या गावाने ठरवून. डायनाला तिच्या आईबापांनी लहानपणीच मंत्राने बांधून ठेवलेलं असतं, तेव्हा दगड तिच्यावरही असतोच म्हणा.

आता दुसरा भाग. डायनाला शिकवायला कुणीतरी हवं आणि हस्तलिखित अखंड असताना बघायचं, म्हणून दोघं १५९० च्या इंग्लंडमध्ये जातात. जाण्याची रीत साधी आहे. ज्या काळात जायचं त्या काळातल्या तीन वस्तू हाताशी हव्यात. त्यांच्याकडे असतात एक कर्णभूषण, बुद्धिबळातली एक चांदीची सोंगटी आणि एका नाटकाचं हस्तलिखित. यंत्र नाही, विजा नाहीत. पाऊल उचलायचं आणि दुसऱ्या शतकात ठेवायचं.

आणि तिथे पोचल्यावर या बाईंची जी तारांबळ उडते ती मी तीनदा ऐकली असेन. इतकी शिकलेली, त्याच काळावर प्रबंध लिहिलेली डायना तोंड उघडते तर तिचं इंग्रजी कुणाला धड कळत नाही. हातात पिसाची लेखणी घेते तर शाई सांडते, टोक मोडतं. अक्षर त्या काळच्या वळणाचं नाही, त्यामुळे साधी घरखर्चाची वही लिहिली तरी पकडली जाईल अशी अवस्था. कपडे एकटीने घालता येत नाहीत. चालायचं कसं, मोलकरणीशी बोलायचं कसं, कुणापुढे किती वाकायचं, हे सगळं ग्रंथालयात वाचलेलं असूनही अंगात नाही. भूतकाळात गेलेला नायक तासाभरात तलवार फिरवायला लागतो अशा कथा आपण भरपूर बघतो. इथे सहाशे पानांच्या पुस्तकात बाई शेवटपर्यंत थोडी परकीच राहते. इतिहासाच्या प्राध्यापकाला स्वतःच्या विषयात नवखं ठरवायचं, हे इतिहासाच्या प्राध्यापिकेलाच सुचू शकतं.

माणसंही खरी आहेत. मॅथ्यू त्या काळात ‘मॅथ्यू रॉयडन’ म्हणून वावरतो. या नावाचा कवी खरंच होता, आणि जॉर्ज चॅपमनने १५९४ मध्ये ‘द शॅडो ऑफ नाइट’ ही आपली कविता त्याला अर्पण केली. कादंबरीचं नाव तिथून आलंय. वॉल्टर रॅली, नाटककार मार्लो, आणि पुढे १६०९ मध्ये गॅलिलिओच्याही आधी दुर्बिणीतून चंद्राचं चित्र काढणारा थॉमस हॅरियट, हे सगळे मॅथ्यूच्या बैठकीतले. मार्लो फार चांगला जमलाय. हुशार, मत्सरी, कधी उलटेल याचा नेम नाही. मेरी सिडनीची रसायनशाळा हा माझा सगळ्यात लाडका भाग. त्या काळातली एक सरदारीण भट्टी, काचपात्रं आणि पारा घेऊन काम करते आहे आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही. ती खऱ्या आयुष्यातही रसायनात रमलेली होती. प्रागमध्ये बादशहा रूडॉल्फ, त्याचा किमयागार एडवर्ड केली आणि ज्यू धर्मगुरू रब्बी लोव येतात. केलीला रूडॉल्फने १५९१ मध्ये खरोखरच कैदेत टाकलं होतं. आज येलच्या ग्रंथालयात असलेलं, कुणालाच न वाचता आलेलं व्हॉयनिच हस्तलिखितही इथे डोकावून जातं.

कालप्रवासाचे हिशेबही नीट जमवलेत. मॅथ्यू तर १५९० मध्येही जिवंत होताच, मग त्या जुन्या मॅथ्यूचं काय? नवा आला की जुना नाहीसा होतो. आणि ती दोघं तिकडे जे जे करतात त्याचे पडसाद आजच्या काळात उमटतात. अधूनमधून छोटी प्रकरणं आहेत, ज्यात कुठेतरी एखादं लहानसं व्यक्तिचित्र नव्याने सापडतं आणि तज्ज्ञ डोकं खाजवतात की हे आजवर होतं कुठे. इतिहास बदलला म्हणून आभाळ कोसळत नाही, नुसती एखाद्या यादीत भर पडते. हे मला फार पटलं.

इथे जरा विषयांतर करते, पण दुसऱ्या फेरीत मला ही सफर जास्त रंगली ती यामुळेच. १५९० मध्ये आमच्याकडे काय चाललं होतं? रेवदंडा पोर्तुगीजांकडे, वरचं चौल अहमदनगरच्या निजामशाहीत, समोरचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी घ्यायला अजून चार वर्षं अवकाश. आणि १५८३ च्या शेवटी राल्फ फिच नावाचा लंडनचा व्यापारी होर्मुझला पकडला जाऊन कैदी म्हणून गोव्याकडे नेला जात असताना वाटेत चौलला थांबला. गोव्यात त्याला आणि त्याच्या सोबत्यांना जामिनावर सोडवण्यात ज्यांची मदत झाली ते फादर थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपले ख्रिस्तपुराणवाले. फिच तिथून निसटला, ब्रह्मदेश-मलाक्कापर्यंत फिरला आणि एप्रिल १५९१ मध्ये लंडनला परतला, म्हणजे डायनाच्या सफरीच्याच काळात. चौलबद्दल लिहिताना त्याने आमच्या माडापासून काय काय मिळतं त्याची यादीच दिली आहे. तेल, दारू, साखर, दोर, छपराची झापं, चटया, खराटे. जगातलं सगळ्यात फायद्याचं झाड, असं त्याचं मत. कादंबरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण आत्याच्या शेजारी बसून खराट्याचे हीर निवडताना ऐकत होते आणि त्या लंडनमधल्या एका माणसाला हे हीर माहीत होते, हे डोक्यात आल्यावर डायना-मॅथ्यू राहतात त्या ब्लॅकफ्रायर्सच्या गल्ल्या फार लांबच्या राहिल्या नाहीत. मॅथ्यूच्या अंगाला म्हणे लवंग-दालचिनीचा वास येतो. येऊ दे. त्या काळी तो वास युरोपात बराचसा पोर्तुगीजांच्याच जहाजांतून पोचत होता.

तक्रारी आहेत, आणि त्या प्रेमकथेबद्दलच्या आहेत. मॅथ्यू सगळं स्वतः ठरवतो, डायनाला अर्धं सांगतो, मग ती चिडते, मग तो आपल्या जुन्या जखमा काढतो, मग ती विरघळते. हे पहिल्या भागात, दुसऱ्या भागात आणि तिसऱ्या भागात. व्हॅम्पायरचा स्वभावच ताबा ठेवण्याचा, असं कारण दिलंय. पण स्वभावाच्या नावावर किती खपवायचं? पहिल्या फेरीत हे खटकलं नव्हतं, कारण पुढे काय होणार याची ओढ होती. दुसऱ्या फेरीत ओढ संपली आणि नुसता नवरेपणा उरला. माझ्या मैत्रिणीला मात्र नेमकं हेच आवडतं, तिच्याशी यावरून दोन वेळा वाजलं. मला त्याच्यापेक्षा त्याचा बाप फिलिप आवडला. फ्रान्समधल्या वाड्यातली ती हिवाळ्याची प्रकरणं, सुनेची पारख करणारा तो करडा म्हातारा आणि मुलगा-बाप यांच्यात न बोललेलं सगळं, हे प्रेमकथेपेक्षा कितीतरी खोल उतरतं. तो आजच्या काळात जिवंत नाही हे आपल्याला आधीच माहीत असतं. मॅथ्यूलाही माहीत असतं.

तिसऱ्या भागात जनुकं, रक्तातला रोग, खलनायक, जुळी मुलं, सभा, लढाया, सगळं एकदम येऊन आदळतं. खलनायक तर इतका क्रूर की त्याच्याविषयी काही वाटेनासं होतं. ज्या गोष्टींची दोन भाग वाट बघितली त्या शेवटी चार वाक्यांत उरकल्यात, आणि ज्यांची वाट कुणी बघत नव्हतं त्यांना प्रकरणंच्या प्रकरणं.

कुणी घ्यावं? इतिहासाची आवड असेल, घरातल्या वस्तूंचे, कागदाचे, जेवणाचे तपशील वाचायला कंटाळा येत नसेल तर जरूर. भीती वाटायला हवी असेल तर नको. हे व्हॅम्पायर उन्हात फिरतात, ग्रंथालयात बसतात, भय असं नाहीच. सुटं सुटं ऐकायची सवय असेल तरी नको, आठवडाभर सोडलं की धागा हरवतो. शरीरसंबंधांचे प्रसंग आहेत, पण घरात मोठ्याने लावून ठेवलं तर पळापळ व्हावी इतके नाहीत. तरी इयरफोन बरा.

यावरून केलेली मालिका २०१८ ते २०२२ दरम्यान तीन पर्वांत आली. तिचं दुसरं पर्व दिसायला देखणं आहे, पण लेखणी मोडण्यापासून जे जे मी वर सांगितलं त्याला तिथे वेळ नाही, म्हणून दुसरा भाग पुस्तकातूनच घ्या. तिसऱ्या भागाच्या जागी मात्र सात भागांचं तिसरं पर्व बघितलंत तरी चालेल, निदान चोवीस तास वाचतील.