पणजोबांची कबर ‘सापडली’, पण ती दुसऱ्याच कुणाची

पूर्वजांच्या कबरी शोधून देतो, वंशावळ काढून देतो म्हणणारे हल्ली बरेच झालेत. आम्हाला एकाने गंडवलं. त्याची पद्धत सांगते, म्हणजे तुमच्याकडे आला तर ओळखाल.

सुरुवातीला त्याने एक पैसा मागितला नाही. पणजोबांचं नाव आणि मृत्यूचं अंदाजे साल, बस. मग “कबर सापडली” असा निरोप आणि अर्धाच फोटो, तारखांचा भाग झाकलेला. पूर्ण फोटोसाठी आगाऊ रक्कम, नंतर दफनभूमीच्या दफ्तराची फी, नंतर जुन्या नोंदवह्या काढून घ्यायची फी. दरवेळी “एवढं शेवटचं”. घरातली म्हातारी माणसं आस लावून बसली की पैशाला नाही म्हणवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

पूर्ण फोटो आल्यावर भावाने तो इंटरनेटवर टाकून तसाच दुसरा आहे का पाहिलं. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ या फुकट संकेतस्थळावर तोच दगड, कोपऱ्यातला तोच तडा, नाव मात्र भलतंच! मोठं करून पाहिलं तर कोरलेल्या तारखांना सावली होती, आमच्या नावाला नव्हती.

वंशावळ त्याहून थोर. एक शाखा थेट इंग्लंडात नेऊन भिडवली होती, १४६० च्या आसपासच्या साध्या शेतकऱ्यांच्या जन्मतारखांसकट. तिथल्या चर्चना नोंदवह्या ठेवायचा हुकूमच मुळी १५३८ चा, आणि त्यांतही नोंद व्हायची ती बाप्तिस्मा, लग्न नि दफनाची.

धंदा जुनाच आहे. गुस्ताव्ह अँजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या श्रीमंतांना बनावट वंशावळी विकल्या. लोक त्या अजून उतरवून घेतात.

कुणी नोंद मिळाली म्हणालं तर आधी विचारा: कुठली वही, कुठलं पान, ती ठेवलीय कुठे? ‘फॅमिलीसर्च’ या जुन्या नोंदी शोधायच्या संकेतस्थळावर खातं फुकट उघडतं. महायुद्धात गेलेला पूर्वज ब्रिटिश किंवा ब्रिटिश हिंदी फौजेत असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादीही फुकट पाहता येते. कबरीचा फोटो हवा असेल तर ‘फाइंड अ ग्रेव्ह’वर विनंती टाका. जवळपासचा एखादा स्वयंसेवक काढून देतो, तोही हौसेने.

आम्ही पान क्रमांक विचारला आणि त्याचा फोन बंद झाला. आता तो दुसऱ्या नावाने फिरतोय, आणि नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून आमचीच वंशावळ दाखवतोय.