राजवाड्याजवळचं भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान

अनामत 300, महिन्याला 100, एकावेळी दोन पुस्तकं. जिना अंधारा आहे, गुडघेवाल्यांनी जपून. सूनबाईंच्या कोरियन मालिकांपायी मी जोसन घराण्याचा इतिहास मागितला. दुकानवाल्या काकांनी वरच्या फळीवरून धूळ झटकत काढून दिला.

इनह्योन राणीच्या प्रकरणात अडकलोच. राजा सुकजोंगनं 1689 मध्ये तिला पदावरून काढलं आणि जांग ही-बिनला राणी केलं. वरवर सवतीमत्सर, आत दरबारी गटांची झुंज: राणीच्या बाजूचे 'पश्चिमी' पडले, 'दक्षिणी' वर आले. त्याच साली इकडे रायगड पडून येसूबाई कैदेत गेल्या. वाचताना सारखं तेच डोक्यात. 1694 ला राजाचं मन फिरलं, राणी परत आली. 1701 मध्ये, अवघ्या 34 व्या वर्षी गेली. मग चेटकाचा आरोप ठेवून जांगला विष.

नेमकी इथलीच चार पानं उंदरानं कुरतडलेली! काकांना दाखवली तर म्हणाले, "त्यालाबी उत्सुकता असंल." या महिन्याचं भाडं मात्र सोडलं.

दोघींच्या कबरी आज सोलजवळ, सओरुंग या शाही दफनभूमीच्या एकाच आवारात आहेत.

रविवारी दुकान बंद.