'सचेत' अ‍ॅप: दर्यात भूकंप झाला तर किती कामाचे?
अरबी समुद्रात भूकंप झाला की मोबाइलवर जुने व्हिडिओ फिरू लागतात. त्यापेक्षा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे हे मोफत अ‍ॅप कितीतरी बरे. लोकेशन आणि सूचनांना परवानगी द्या. बॅटरी सेव्हरमधून मात्र ते वगळाच, नाहीतर सूचना उशिरा पोचू शकते. भूकंपाच्या आकड्यापेक्षा हैदराबादच्या इन्कॉइस या त्सुनामी इशारा केंद्राने दिलेली इशाऱ्याची पातळी महत्त्वाची: 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवा, 'अलर्ट' म्हणजे किनारा सोडा, 'वॉर्निंग' म्हणजे उंचावर जा. पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याकडून उठणारी त्सुनामीची लाट (१९४५ साली ती मुंबईपर्यंत आली होती) गोव्यात यायला काही तास लागतात, तेव्हा पणजीतल्या मिरामारकरांनी गाड्या न काढता आल्तिनोची टेकडी चालत गाठावी. पहिली लाट ओसरली म्हणून परतू नये. इंटरनेट गेले की अ‍ॅप मुके, त्यामुळे सेलवर चालणारा रेडिओ हवाच.